जुनी जपानी पोस्टरं, मोटारींचे पाठलाग आणि टाचण्यांची चार भोकं

घाटवळण

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे गेली सहा वर्षं कावासाकीला आहे. शनिवारी मोकळा असलो की तोक्योत जिंबोचोला जातो. तिथे यासुकुनी रस्त्याला जुन्या पुस्तकांची दुकानं ओळीने आहेत, आणि त्यांतली बहुतेक रस्त्याच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून. पुस्तकांवर ऊन पडू नये म्हणून. मी मात्र पुस्तकांसाठी जात नाही. मी जातो जुनी चित्रपटांची पोस्टरं चाळायला, त्यातही एकाच जातीची: ज्यांत मोटारी एकमेकींच्या मागे लागलेल्या असतात. १९६८ ते १९८० हा माझा काळ. आतापर्यंत अकरा पोस्टरं आणि चाळीसेक चिराशी जमली आहेत. चिराशी म्हणजे थिएटरच्या दारात फुकट ठेवलेली हातपत्रकं, वहीच्या पानाएवढी.

आता अडचण. १९७१ च्या 'व्हॅनिशिंग पॉइंट'चं पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं पोस्टर मी चार वर्षं शोधतोय. पांढरी डॉज चॅलेंजर, डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेली, तोच चित्रपट. परवा एका दुकानात एकदम दोन प्रती दिसल्या.

पहिली: चार कोपऱ्यांत टाचण्यांची चार भोकं, मधोमध एक घडी, खालची कड उन्हाने तपकिरी. ३४,००० येन.

दुसरी: मागून कागद चिकटवून सरळ केलेली, भोकं बुजवलेली, घडीवर रंग जुळवलेला. तीन फुटांवरून नवी कोरी वाटते. ५२,००० येन.

दुकानातले आजोबा पुढच्या शनिवारपर्यंत दोन्ही बाजूला ठेवतो म्हणालेत. कुठली घेऊ? दोन-तीन वर्षांत चिपळूणला परतायचं आहे, म्हणजे पोस्टरही कोकणात येणार, हेही लक्षात घ्या.

तिसरा_गिअर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सावकाश वाचतो. फोटो कुठायत?

घाटवळण

दुकानात फोटो काढायला मनाई आहे. घेतल्यावर नक्की टाकतो.

कागदकिडा

धाग्याबद्दल आभार. मी मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून हिंदी पोस्टरं जमवायला सुरुवात केली, जपानी पोस्टरांकडे वळून पंधरा वर्षं झाली. माझं मत आधीच सांगतो: भोकंवाली घ्या, डोळे मिटून.

सांगतो का ते. जपानी बी२ पोस्टर ५१.५ बाय ७२.८ सेंटिमीटरचं. त्या काळचं अमेरिकन पोस्टर २७ बाय ४१ इंचांचं असायचं आणि छापून झालं की घड्या घालूनच थिएटरला जायचं, त्यामुळे त्याच्या अंगावर घड्यांची जाळी असतेच. जपानी बी२ बऱ्याचदा घडीशिवाय किंवा एखाद्या घडीवर टिकलेलं मिळतं. कागद पातळ, पण रंग दाट बसलेला. हे पोस्टर भिंतीला टाचण्यांनी लावायचे. म्हणून जुन्या जपानी पोस्टरला टाचणीची भोकं म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पितळी भांड्यावर कोरलेलं नाव. ते भांडं कुणाच्या तरी घरात नांदलं एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांना घरबसल्या लिलावातून घ्यायचंय त्यांनी दुकानदारांची भाषा शिकून घ्यावी. 'तोजिमोनो' म्हणजे त्या काळातलाच माल. 'फुक्कोकु' म्हणजे नंतरचं पुनर्मुद्रण. 'याके' म्हणजे उन्हाने भाजलेला कागद, 'शिमी' म्हणजे डाग, 'गाब्यो-आना' म्हणजे टाचणीचं भोक, 'उराउची' म्हणजे मागून चिकटवलेला कागद. वर्णनात तोजिमोनो हा शब्द नसेल तर मी विचारल्याशिवाय पुढे जात नाही. आणि एइरिन या चित्रपट नियामक संस्थेचा छोटा शिक्का बघून हुरळून जाऊ नका, पुनर्मुद्रणात तोही जसाच्या तसा छापला जातो.

आंबोळी

छान माहिती. एक भाबडा प्रश्न: चित्रपट अमेरिकन, गाडी अमेरिकन, रस्ता अमेरिकन. मग जपानी पोस्टर का? अमेरिकनच का नाही घेत?

घाटवळण

@आंबोळी, प्रश्न मुळीच भाबडा नाही, मलाही सुरुवातीला पडला होता.

बहुतेक अमेरिकन पोस्टरवर एक चित्र आणि भोवती मोकळी जागा असते. त्या काळच्या जपानी पोस्टरवर मोकळी जागा शोधावी लागते. नायकाचा मोठा चेहरा, खाली गाडी, तिच्या बाजूला उडालेली दुसरी गाडी, मागे पूल, वर स्फोट, आणि या सगळ्याच्या मधून उभ्या ओळीत खाली उतरणारी अक्षरं. पाठलाग दहा मिनिटांचा असतो, तो एका कागदावर कसा मांडायचा? ही मंडळी पाच-सहा छायाचित्रं कापून एकात एक बसवतात आणि डोळ्याला वरून खाली धावायला लावतात. नजर गाडीसारखी वळणं घेत खाली येते. मला हे घाट उतरल्यासारखं वाटतं.

आणि दुसरं म्हणजे नावं. त्यावर कुणी जाणकार लिहील तर बरं.

निहोंगो_पुणे

हाक मारलीत, आले.

परदेशी चित्रपटाला जपानमध्ये जे जपानी नाव मिळतं त्याला 'होदाइ' म्हणतात. मी पुण्यात जपानी शिकवते आणि वर्गात होदाइंचा एक तास ठेवतेच, मुलं शब्द कधी विसरत नाहीत.

पाठलागाच्या चित्रपटांत तर मेजवानी आहे. 'व्हॅनिशिंग पॉइंट'चं जपानीत लिप्यंतरच झालं, 'बानिशिंगु पोइन्तो'. मग १९७४ मध्ये एच. बी. हॅलिकीचा 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' आला. त्याच्या मूळ नावात व्हॅनिशिंग कुठेच नाही, गोष्टीचा आधीच्या चित्रपटाशी संबंध नाही. पण जपानी वितरकाने नाव ठेवलं 'बानिशिंगु इन ६०'. एक गाडीवाला चित्रपट आवडला ना, मग हा घ्या त्याचा भाऊ! पुढे रॉन हॉवर्डने १९७७ मध्ये दिग्दर्शनातलं पदार्पण केलं, 'ग्रँड थेफ्ट ऑटो'. त्याचं जपानी नाव 'बानिशिंगु इन टर्बो'. तीन निर्माते, तीन गोष्टी, आणि जपानमध्ये एकच घराणं.

याहून मोठी गंमत स्पीलबर्गची. त्याच्या 'ड्युएल'चं (एक भलामोठा ट्रक एका मोटारीच्या जिवावर उठतो, तो चित्रपट) जपानी नाव 'गेकितोत्सु!', म्हणजे भीषण टक्कर. नाव एकदम चपखल. त्यानंतर १९७४ मध्ये त्याचा 'द शुगरलँड एक्स्प्रेस' आला. टेक्सासमधलं एक जोडपं पोलिसाला त्याच्याच गाडीत ओलीस धरतं आणि मागे गाड्यांची रांग लागते, अशी हळवी गोष्ट. जपानी नाव: 'झोकु गेकितोत्सु! कारजाक्कु'. झोकु म्हणजे 'भाग दुसरा'. ज्या ट्रकशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्याचा हा पुढचा भाग ठरला.

माझं सगळ्यात लाडकं: 'द इटालियन जॉब', १९६९. जपानीत 'मिनी मिनी दाइसाकुसेन', मिनी मिनी महामोहीम. तीन मिनी कूपर गाड्या तुरीनमधून सोनं घेऊन पळतात, म्हणून मिनी. शिवाय त्याच सुमारास 'मिशन इम्पॉसिबल' ही अमेरिकन मालिका जपानी टीव्हीवर 'स्पाय दाइसाकुसेन' नावाने गाजत होती, त्यामुळे दाइसाकुसेन शब्द ऐकला की प्रेक्षकाला आत काय मिळणार ते कळायचं. मला हे नाव मुळापेक्षा जास्त आवडतं, ते म्हणतानाच गाडी जिन्यावरून टुणटुणत उतरते.

तिसरा_गिअर

मिनी मिनी महामोहीम!! ताई, दंडवत. 😄

आपल्याकडे अशी नावं ठेवायची पद्धत असती तर 'ड्युएल'ला 'ट्रकशी गाठ' ठेवलं असतं आणि पुढच्याला 'ट्रकशी गाठ २: नवरा-बायको'.

आंबोळी

'ट्रकशी गाठ २' 😂 सकाळी लोकलमध्ये एकटाच हसलो.

निहोंगो_पुणे

@तिसरा_गिअर, हे पुढच्या तासाला वर्गात सांगणार, श्रेय देऊन.

राहिलेली दोन. 'स्मोकी अँड द बँडिट'चं जपानी नाव 'ट्रान्झॅम ७०००', म्हणजे थेट गाडीचंच नाव. गाडीचं इंजिन ६.६ लिटरचं, म्हणजे ६६०० सीसीचं, ते बहुधा गोल करून ७००० झालं असावं. आणि 'टू-लेन ब्लॅकटॉप'चं नाव 'दान्झेत्सु', तुटणं, मधला धागा कायमचा तुटणं. गाडीचा उल्लेखही नाही. दोन कांजी अक्षरांत (जपानीतली चिनी वळणाची अर्थाक्षरं) सबंध चित्रपट सांगून टाकलाय.

वासूकाका

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये. रस्त्यावर बेदरकार गाडी हाकणं म्हणजे पराक्रम असं दाखवणाऱ्या चित्रपटांची पोस्टरं भिंतीवर लावायची, त्यासाठी तीस-तीस हजार येन मोजायचे? माझा पुतण्या महामार्गावर अपघातात गेला. समोरून येणाऱ्याला शर्यत करायची होती. मला ही चित्रं बघवत नाहीत.

घाटवळण

काका, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पुतण्याबद्दल ऐकून फार वाईट वाटलं.

सायली_नागोया

वासूकाका, तुमचं दुःख मोठं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. फक्त ही पोस्टरं ज्या जपानमध्ये लागली तो जपान कसा होता, एवढं सांगते. मी नागोयात गाड्यांच्या क्षेत्रातच काम करते.

१९६६ मध्ये टोयोटा कोरोला आणि निस्सान सनी बाजारात आल्या. सामान्य घराला परवडेल अशी गाडी दारात यायला लागली, म्हणून त्या सालाला इथे 'माय कार'चं पहिलं वर्ष म्हणतात. १९६९ मध्ये तोक्यो आणि नागोयाला जोडणारा तोमेइ द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आणि १९७० मध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. जपानच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट आकडा. वर्तमानपत्रं त्याला 'कोत्सु सेन्सो', वाहतुकीचं युद्ध म्हणायची. नंतर पदपथ, सिग्नल, पादचारी पूल, कडक कायदे यांनी तो आकडा खाली आणला.

म्हणजे 'व्हॅनिशिंग पॉइंट'चं पोस्टर भिंतीला टाचलं गेलं तेव्हा ते बघणाऱ्याच्या घरात पहिली गाडी नुकतीच आली होती, आणि ओळखीतलं कुणीतरी रस्त्यावर गेलंही असेल. त्या पोस्टरात हौस आहे तशी भीतीही आहे. चित्रपटाचा शेवट तरी आठवा: नायक रस्ता अडवून उभ्या असलेल्या बुलडोझरवर जाऊन आदळतो. मला तरी तो पराक्रम वाटला नाही.

वासूकाका

सायली, हे माहीत नव्हतं. १६,७६५. वाचतोय.

शाईवाली

आमचा सांगलीत तीन पिढ्यांचा छापखाना आहे, म्हणून खऱ्या-खोट्याबद्दल लिहिते. घाटवळण, दोन्ही प्रती जुन्याच आहेत हे तपासलंय का? आजोबा चांगले असतीलच, पण डोळ्यांनी बघून घ्या.

दहा पटीचं भिंग न्या. चित्राच्या भागात ऑफसेटचे ठिपके दिसतील, चार रंगांचे, फुलासारखे एकमेकांभोवती बसलेले. तेवढ्यावर थांबू नका, कारण आजचं ऑफसेटही ठिपक्यांचंच असतं. मग भिंग अक्षरांवर न्या, विशेषतः तळाच्या बारीक नावांवर. मूळ छपाईत काळी अक्षरं भरीव असतात, कड स्वच्छ. पुनर्मुद्रण करणाऱ्याकडे मूळ छपाईची फिल्म नसते, तो छापील पोस्टरच स्कॅन करतो. मग अक्षरंही ठिपक्यांची होतात, कड केसाळ दिसते. इंकजेटवर छापलेलं असेल तर ठिपके रचनेशिवाय वाळूसारखे विखुरलेले दिसतात. ही एक तपासणी दहा गोष्टींना भारी आहे.

आता मूळ प्रश्न. कागदकिडा यांच्याशी मी सहमत नाही. पोस्टर चिपळूणला जाणार आहे. पावसाळ्यात तिथे भिंतीला घाम येतो. घडीवरचा कागद आधीच अर्धा मेलेला असतो, दमट हवेत तो फुगतो, उन्हाळ्यात आखडतो, पाच-सात पावसाळ्यांत घडीवर चीर पडते. मागून नीट कागद लावलेली प्रत टिकेल. माझं मत दुसऱ्या प्रतीला.

तिसरा_गिअर

काळ्या दिव्याखाली, म्हणजे नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरलं तर नवा कागद चमकतो आणि जुना चमकत नाही असं वाचलंय. ते खरं का?

शाईवाली

अर्धं खरं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं १९५० च्या दशकापासूनच वापरात आहेत. १९७१ चा अस्सल कागदही चमकू शकतो. १९३० चं म्हणून विकलेलं काही चमकलं तर संशय घ्या. इथे भिंगच बरं.

कागदकिडा

शाईवाली, भिंगाबद्दलचं शंभर टक्के मान्य, वहीत उतरवून घेतलं.

पण दुसऱ्या प्रतीचं मान्य नाही. मागे कागद कशाने लावलाय ते कुणाला माहीत आहे? जपानमध्ये उराउची ही जुनी विद्या आहे. पडदे आणि गुंडाळीची चित्रं बांधणारे कारागीर गव्हाच्या सत्त्वाची खळ करून वाशी नावाचा जपानी हातकागद लावतात, आणि ती खळ पाण्याने पुन्हा सुटते. तसं असेल तर उत्तमच. पण एखाद्याने घरी रासायनिक गोंद लावला असेल तर तो कागद आता जन्मभर सुटणार नाही, आणि गोंद पिवळा पडला की पोस्टरही पडेल. शिवाय घडीवर 'रंग जुळवलाय' म्हणजे कुणीतरी मूळ शाईवर ब्रश फिरवलाय. किती फिरवलाय? फक्त घडीवर की आकाशभर?

भोकं आपल्याला दिसतात. दुरुस्ती दिसत नाही. मी दिसणाऱ्या दोषाला पैसे देईन.

शाईवाली

मुद्दा बिनतोड आहे. म्हणून घाटवळण, आजोबांना दोन प्रश्न विचारा: कागद कशाने लावला, आणि कुणी लावला. गव्हाची खळ म्हणाले आणि कारागिराचं नाव सांगू शकले तर दुसरी. उत्तर आलं नाही तर मी माझं मत मागे घेते.

कोयना_एक्सप्रेस

एवढी चर्चा झाली आणि जपानच्या स्वतःच्या पाठलागपटांचं नाव कुणी घेतलं नाही! (अवांतर आहे, पण फार नाही.)

१९७६ मध्ये तोएइ कंपनीने दोन चित्रपट काढले. एक फुकासाकु किंजीचा 'बोसो पॅनिक: दाइगेकितोत्सु'. नावात गेकितोत्सु पुन्हा आलं बघा, आणि पुढे 'दाइ', म्हणजे महाभीषण टक्कर. शेवटी बँक लुटणाऱ्याच्या मागे पोलिस, पोलिसांच्या मागे आणखी कुणी, असं करत निम्मं शहर गाड्या घेऊन उतरतं. दुसरा नाकाजिमा सादाओचा 'कुरुत्ता याजू', पिसाळलेलं श्वापद. बँकेवरचा दरोडा फसलेले दोघं क्योतोत प्रवाशांनी भरलेली बस पळवतात, आणि त्या बसमध्ये गाड्यांची चाचणी घेणारा एक माजी चालक बसलेला असतो.

दोन्हींत नायक एकच, वातासे त्सुनेहिको. आणि त्या बसचं हाकणं त्याने स्वतः केलंय, बस उलटते तेव्हाही आत तोच. पुढच्याच वर्षी फुकासाकूच्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणात जीप उलटून तो इतका जखमी झाला की भूमिका दुसऱ्याला द्यावी लागली. बसची जी खरचट पडद्यावर दिसते तिच्यामागे हा माणूस बसला होता, हे कळल्यापासून त्या पोस्टरकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो.

किमतीचं म्हणाल तर पंधरा वर्षांपूर्वी तोएइची ही पोस्टरं लोक फारसं बघत नसत. धागाकर्त्याने अमेरिकन गाड्यांतून थोडी मान वळवावी.

घाटवळण

@कोयना_एक्सप्रेस, बसचं पोस्टर आहे माझ्याकडे! माझ्या अकरांतलं सगळ्यात लाडकं तेच.

ते का, हे आता सांगायला हवं. माझे वडील एसटीत चालक होते, बत्तीस वर्षं. त्यातली निम्मी चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट. माझं इथलं नाव तिथलंच. लहानपणी सुट्टीत मी चालकामागच्या पहिल्या बाकावर बसून वर-खाली करायचो. बाबा वळणाआधी गिअर कमी करायचे तेव्हा पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायची. ती थरथर माझ्या तळपायात अजून आहे.

पहिल्या पगारात मी त्यांच्यासाठी डीव्हीडी प्लेअर घेतला आणि 'बुलिट' लावला. स्टीव्ह मॅक्वीन, हिरवी मस्टँग, सॅन फ्रान्सिस्कोचे चढउतार. पाठलाग सुरू झाला की संगीत थांबतं आणि पुढची दहा मिनिटं फक्त इंजिनं आणि टायर. बाबा पुढे सरकून बसले. म्हणाले, "हा खरा गिअर टाकतोय रे, आवाजावरून कळतंय." मग थोड्या वेळाने, "त्या काळ्या गाडीला चाकं किती? चार ना? मग चाकाच्या टोप्या पाच-सहा कशा उडाल्या?" जगभरचे लोक ज्या चुकीवर लेख लिहितात ती त्यांनी पहिल्याच वेळी पकडली.

वासूकाका, बाबांच्या बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. त्यांनाही हे पाठलाग आवडतात. ते वेग बघतच नाहीत, चालकाचे हात बघतात.

वासूकाका

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. कुंभार्ली घाटातून मी एसटीने बरेचदा गेलोय. कोण जाणे, त्यांच्याच गाडीत बसलोही असेन.

आंबोळी

हा प्रतिसाद दोनदा वाचला. घाटवळण, वडिलांच्या आठवणींचा वेगळा धागा काढा.

निहोंगो_पुणे

+१. आणि 'बुलिट' जपानीत 'बुरित्तो' होतो. माझ्या वर्गातली मुलं त्यावरून नेहमी विचारतात, हा खाण्यावरचा चित्रपट आहे का.

सायली_नागोया

ज्यांना सुरुवात करायची आहे आणि खिसा हलका आहे त्यांच्यासाठी: बी२ च्या मागे लागू नका, चिराशी घ्या. १८.२ बाय २५.७ सेंटिमीटर, साध्या फाईलमध्ये मावतात, बऱ्याच काहीशे येनमध्ये मिळतात. तळाशी किंवा मागे कधीकधी थिएटरचं नाव छापलेलं असतं. माझ्याकडच्या एका चिराशीवर नागोयातल्या अशा थिएटरचं नाव आहे की जिथे आता वाहनतळ आहे. तोक्योला कुणी येणार असाल तर क्योबाशीच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं प्रदर्शन बघा, आणि जिंबोचोतलं यागुची शोतेन. १९१८ पासूनचं दुकान, फक्त चित्रपट आणि नाटक, बाहेरच्या भिंतीलाही पुस्तकांची फडताळं.

तिसरा_गिअर

शनिवार झाला. रविवारही झाला. धागाकर्ते कुठायत? आम्ही इथे ताटकळलोय राव.

घाटवळण

आलो, आलो. काल रात्री उशीर झाला.

भिंग घेऊन गेलो. आजोबांनी ते बघितलं आणि स्वतःचं मोठं भिंग काढून दिलं. दोन्ही प्रतींवरची बारीक अक्षरं भरीव, कड स्वच्छ. म्हणजे दोन्ही अस्सल. शाईवालीताई, तुमच्यामुळे हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी कळलं, आतापर्यंत मी फक्त विश्वासावर घेत होतो.

मग दोन प्रश्न विचारले. दुसरी प्रत त्यांनी एका गिऱ्हाइकाकडून तशीच घेतली होती, कागद कुणी आणि कशाने लावला ते त्यांनाही माहीत नाही. तसं त्यांनी सरळ सांगितलं. मागून दिव्यासमोर धरली तर घडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं रंग चढवलेला दिसला. कागदकिडा, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

भोकंवाली घेतली. आजोबांनी दोन हजार येन कमी केले, मी मागितले नव्हते.

घरी येऊन टेबलावर पसरली आणि बाबांना व्हिडिओवर दाखवली. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, वरच्या दोन भोकांजवळ आणखी एकेक बारीक भोक आहे, म्हणजे हे एकदा काढून पुन्हा लावलंय. मी भिंग लावून बघितलं. आहेत. चार नाही, सहा भोकं आहेत! टोप्या मोजणारा माणूस, भोकं कशी सुटतील.

फोटो खाली टाकतोय.

शाईवाली

अभिनंदन! आणि मी माझं मत ठरल्याप्रमाणे मागे घेतलं.

आता कोकणासाठी सांगते ते नीट करा. लॅमिनेशन अजिबात नाही. सेलोटेप मागूनही नाही, दहा वर्षांत तिचा तपकिरी डाग पुढे उमटतो. घडी स्वतः इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका. तोक्योत आहात तोवरच एखाद्या जाणत्या कारागिराकडून गव्हाच्या खळीने वाशी लावून घ्या, भोकं आणि रंग मात्र आहेत तसेच ठेवायला सांगा. म्हणजे कागदाला आधार मिळेल आणि तुमच्या बाबांची सहा भोकंही राहतील. चौकटीत काच आणि पोस्टर एकमेकांना चिकटू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार हवी, आणि पुठ्ठा आम्लविरहित. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, घरातल्या मधल्या भिंतीवर टांगा, मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, म्हणजे हवा खेळेल. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उतरवून मागे कसर लागली नाही ना ते बघायचं.

कागदकिडा

खळीने वाशी लावायचं पटलं. भोकं ठेवून आधार द्यायचा, हे मलाच सुचायला हवं होतं. माझ्या तीन पोस्टरांना आता तेच करून घेणार.

कोयना_एक्सप्रेस

फोटो झकास. आता ती बसही दाखवा.

घाटवळण

बस उद्या सकाळच्या उजेडात काढतो, रात्रीच्या दिव्यात तिचा लाल रंग नीट येत नाही.

शाईवालीताई, आम्लविरहित पुठ्ठा चिपळूण-रत्नागिरीकडे मिळतो का, की इथूनच घेऊन येऊ? आणि बुचाचे तुकडे किती जाडीचे?

शाईवाली

पुठ्ठा तिथूनच आणा, पोस्टरसोबत सपाट बांधून. बूच अर्धा इंच पुरे.